बाजू पलटताना

‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमच्या मधोमध एक शांतता आहे, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर जवळजवळ चाळीस वर्षं मी तो अल्बम ऐकत आलो होतो आणि तो मला पाठ आहे अशी माझी खात्री होती.

पिंक फ्लॉइडचा हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला. तबकडीची पहिली बाजू संपते ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या गाण्यानं. क्लेअर टॉरी नावाची पंचवीस वर्षांची गायिका त्यात एकही शब्द न उच्चारता गाते. आवाज वर चढतो, फाटेल असं वाटेपर्यंत ताणला जातो, मग दमतो, कुजबुजीइतका लहान होतो आणि पियानोच्या सुरांत विरून जातो. बाजू संपली. आता उठायचं, सुई उचलायची, तबकडी उलटायची, मऊ कापड फिरवायचं, सुई परत टेकवायची. यात पाऊण मिनिट तरी जातं. त्यानंतर नाण्यांचा खणखणाट आणि गल्ल्याच्या यंत्राचा खडखडाट घेऊन ‘मनी’ सुरू होतं. मरणाचं गाणं आणि पैशाचं गाणं यांच्यामध्ये ऐकणाऱ्याला जागचं उठावं लागतं.

माझ्याकडे हा अल्बम होता तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. एका बाजूत पंचेचाळीस मिनिटं मावतात आणि अल्बम आहे त्रेचाळीस मिनिटांचा. कॅसेट भरून देणाऱ्या दुकानदारानं तो सोयीनं एका बाजूत बसवला आणि दुसऱ्या बाजूला दुसराच अल्बम भरून दिला. टॉरीचा श्वास संपतो न संपतो तोच नाणी वाजायची. मला तो धक्का फार आवडायचा. कलावंतांनी तो मुद्दाम योजला आहे असं मी कितीतरी मित्रांना सांगितलं होतं.

२०२१ साली, टाळेबंदीनंतरच्या दिवसांत, मी एक रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेली याच अल्बमची तबकडी त्यावर लावली. पहिली बाजू संपली. सुई आतल्या शेवटच्या रिंगणात टक टक करत फिरत राहिली आणि मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. त्या बाईनं एवढं गाऊन झाल्यावर थोडा वेळ कुणीच काही वाजवू नये, हे मला पहिल्यांदा जाणवलं. टॉरीला त्या गाण्याचे तीस पौंड मिळाले होते. पुढे ती कोर्टात गेली, २००५ साली तडजोड झाली आणि गाण्याच्या रचनेत तिचं नाव लागलं. हेही मला त्याच आठवड्यात कळलं. तोवर त्या आवाजाला नाव असेल, घर असेल, त्या दिवसाची मजुरी असेल, असा विचार माझ्या मनात आला नव्हता.

हे पुस्तक त्या आठवड्यात सुरू झालं.

तरुणपणी ऐकलेलं संगीत उतारवयात परत ऐकण्याकडे लोक हौस म्हणून पाहतात. जुना फोटो काढून बघावा, तसं. माझा अनुभव तसा नाही. माझ्या पिढीनं, त्यातही मुंबईबाहेरच्या आमच्यासारख्यांनी, हे अल्बम तरुणपणी पुरते ऐकलेच नव्हते. जे ऐकलं ती नकलेची नक्कल होती. शब्द कळत नव्हते, मुखपृष्ठ पाहिलेलं नसायचं, गाण्यांचा क्रम दुकानदाराच्या मर्जीवर असायचा. त्या तुटपुंज्या ऐवजावर आम्ही आयुष्यभराचं प्रेम केलं. ते प्रेम खरं होतं. पण ज्याच्यावर केलं ती वस्तू काय आहे हे पाहायचं राहून गेलं होतं, आणि ते आता पाहावं असं मला मनापासून वाटलं.

आम्ही कसं ऐकत होतो ते थोडं तपशिलानं सांगतो, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यावर उभी आहेत.

मी वाईचा. १९८० साली कॉलेजसाठी पुण्यात आलो आणि सदाशिव पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर राहू लागलो. खोलीत आम्ही तिघं, आणि तिघांत एक टू-इन-वन. एकच स्पीकर. स्टीरिओ हा शब्द आम्हाला कॅसेटच्या खोक्यावरून माहीत होता, कानांना माहीत नव्हता. कुणाच्या तरी परदेशी राहणाऱ्या काकांनी आणलेली रेकॉर्ड असायची, तिच्यावरून दुकानदारानं मूळ कॅसेट केलेली असायची, तिच्यावरून मित्रानं भरून घेतलेली, आणि मित्राच्या कॅसेटवरून आमची. प्रत्येक पायरीवर खरखर वाढायची आणि वरच्या पट्टीतले आवाज मरायचे. झांजांचा चमचमाट आधी जायचा, मग गाणाऱ्याचा श्वास, मग गिटारच्या तारेवरून सरकणाऱ्या बोटांचा आवाज. स्टुडिओतली टेप बहुधा सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगानं पळते, कॅसेटची टेप जेमतेम पावणेपाच. एवढ्या चिंचोळ्या वाटेनं जेवढं येईल तेवढं आमच्यापर्यंत यायचं.

त्यात आमच्या यंत्राचा पट्टा सैल होता. सगळं संगीत मूळ स्वरापेक्षा थोडं खाली आणि थोडं संथ वाजायचं. लेड झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लँट यानं माझ्या मनात कितीतरी वर्षं जो आवाज घेऊन मुक्काम केला होता, तो त्याचा नव्हताच. खरा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो अनोळखी, घाई करणारा वाटला.

मुखपृष्ठांची गोष्ट याहून वेगळी. लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बमवर, नोव्हेंबर १९७१ मध्ये आलेल्या, नाव नाही. अल्बमचं नाही आणि बँडचंही नाही. पोपडे उडालेल्या भिंतीवर टांगलेली एक तसबीर, तीत पाठीवर काटक्यांचा भारा घेतलेला वाकलेला म्हातारा. आपल्या नावावर काहीही विकलं जाईल अशी त्यांची ख्याती झाली होती, म्हणून त्यांनी नावच काढून टाकलं. माझ्या कॅसेटवर दुकानदारानं बॉलपेननं ठळक लिहिलं होतं: लेड झेप ४. त्यांनी हट्टानं पुसलेली गोष्ट त्यानं पहिल्यांदा लिहिली होती. तसबिरीतला तो म्हातारा कोण हे २०२३ मध्ये, म्हणजे बावन्न वर्षांनी कळलं. इंग्लंडमधल्या विल्टशरचा लॉट लाँग नावाचा कारागीर, घरांची छपरं गवतानं शाकारणारा. फोटो व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. आमच्याकडे कोकणात आणि घाटात शाकारणी करणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. पाठीवरचा तो भारा मला लगेच ओळखू आला.

बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चं मुखपृष्ठ तर मी नोकरीला लागल्यावर पाहिलं. १९६७ सालच्या त्या चित्रात नामवंतांची गर्दी आहे, आणि त्या गर्दीत गांधीजी असणार होते. छायाचित्रासाठी त्यांची आकृती उभीही केली होती. मग ईएमआय या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना भीती वाटली की भारतात लोकांना हे आवडणार नाही आणि इथल्या विक्रीवर परिणाम होईल, म्हणून गांधीजींना चित्रातून काढलं. योगानंद आणि त्यांच्या परंपरेतले गुरू मात्र राहिले. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात ईएमआयच्या तबकड्या निघत, त्यांची गिऱ्हाईकं आम्ही, आणि आमच्या भावनांचा निर्णय लंडनमध्ये बसून घेतला गेला.

आता पाचगणीबद्दल.

वाईहून पाचगणी पसरणीच्या घाटानं बारा-तेरा किलोमीटर. बोर्डिंग शाळांची मुलं ब्लेझर घालून एसटी स्टँडवर उतरलेली आम्ही पाहायचो, त्यांचं इंग्रजी कान देऊन ऐकायचो. त्या शाळांपैकी सेंट पीटर्समध्ये झांजिबारहून आलेला फारूख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा आठव्या वर्षापासून शिकला. पियानो तिथे शिकला, शाळेतल्या मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा त्याचा पहिला बँडही तिथेच निघाला. पुढे जग त्याला क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. पुण्याच्या त्या खोलीत ‘बोहेमियन रॅप्सडी’ ऐकताना, हा आवाज आमच्या डोंगराच्या माथ्यावर फुटलेला आहे हे मला ठाऊक नव्हतं. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला तेव्हा एका इंग्रजी वर्तमानपत्रात वाचलं. त्या दिवशी मी वाईतच होतो. घाटाकडे पाहत किती वेळ उभा होतो ते आठवत नाही.

क्वीनचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा १९७५ चा अल्बम मी या पुस्तकासाठी सर्वांत जास्त वेळा ऐकला. ‘बोहेमियन रॅप्सडी’तला मधला ऑपेराचा भाग आमच्या कॅसेटवर एखाद्या जत्रेतल्या कल्लोळासारखा ऐकू यायचा. मोठा समूहगायकांचा ताफा असणार अशी माझी समजूत. प्रत्यक्षात ती तीन माणसं आहेत: मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. आवाजावर आवाज चढवत तेच तिघं. टेप इतक्या वेळा यंत्रातून फिरली की तिच्यातून उजेड दिसू लागला, असं त्या मंडळींनी सांगितलं आहे. चांगल्या हेडफोनवर सगळ्यात वरचा टोकदार सूर वेगळा काढता येतो. तो मर्क्युरीचा नाही, ढोल बडवणाऱ्या टेलरचा आहे. हे ऐकलं की ते गाणं चमत्कार वाटायचं थांबतं आणि मेहनत वाटू लागतं. मला ते त्यामुळे अधिक आवडू लागलं.

मुंबईचे धागे तर याहून जवळचे निघाले. आमच्या घरी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची तबकडी होती. मराठी मध्यमवर्गीय घरांत ती असायचीच. १९६७ च्या त्या तबकडीवर संतूर वाजवणारे शिवकुमार शर्मा आणि बासरी वाजवणारे हरिप्रसाद चौरसिया. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६८ मध्ये, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला आणि फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं ‘वंडरवॉल म्युझिक’चं बरंचसं संगीत ध्वनिमुद्रित केलं. संतूर शिवकुमारांचं. ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीतही तेव्हाच तिथे झालं, बासरी हरिप्रसादांची. माझे वडील आण्णा ज्या तबकडीला हात लावू देत नसत तिच्यावरची माणसं आणि आण्णा ज्याला आरडाओरडा म्हणत तो करणारी माणसं एकाच खोलीत बसली होती, हे आण्णांना सांगायला मला उशीर झाला. ते २००९ साली गेले.

१९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँटही मुंबईला आले. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्यानं वाजवून पाहिली, कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या नाइट क्लबमध्ये एका रात्री वाजवलं आणि परत गेले. ती ध्वनिमुद्रणं कपाटात पडून राहिली आणि २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीबरोबर अधिकृतपणे बाहेर आली. त्यांतलं ‘फ्रेंड्स’ जरूर ऐका. सारंगी आणि व्हायोलिनं गिटारच्या मागे न चालता तिला ओढत नेतात. माझं मत असं की मूळ गाण्याहून हे धीट आहे.

आमच्या खोलीत एकदा माझे मामा मुक्कामाला आले होते. मामा शिक्षक होते आणि तबला वाजवत. नेमकं ‘मनी’ लागलेलं. मी म्हटलं, “मामा, तुम्हाला त्रास होत असेल तर बंद करतो.” मामांनी हात वर केला. “थांब रे जरा.” मांडीवर बोटं फिरू लागली. “सातात आहे हे. रूपक धर.” आम्ही तिघं बघत राहिलो. सॅक्सोफोन झाला, गिटार सुरू झाली, आणि मामांची बोटं थबकली. “इथे चार केले. का केले असतील?” त्याचं उत्तर आम्हाला देता आलं नाही, कारण सात होते हेच आम्हाला माहीत नव्हतं. आज उत्तर देता येतं. सातांत गाणं सतत पुढे कलंडल्यासारखं चालतं, पाय पूर्ण टेकत नाही. डेव्हिड गिलमोरच्या गिटारला मोकळं पळायला सपाट जमीन हवी होती. ती पळून दमली की गाणं पुन्हा सातात येतं. ज्यांना रूपक, झपताल कानानं माहीत आहेत अशा मराठी श्रोत्याला या संगीतात शिरायला हा एक आपला दरवाजा आहे. मामांनी तो एका संध्याकाळी उघडून दाखवला आणि मी चाळीस वर्षं त्यातून आत गेलो नाही.

पुन्हा ऐकताना सर्वांत खोल जे हललं ते ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. लेड झेपेलिनच्या त्याच बिननावाच्या अल्बममधलं शेवटचं गाणं. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात, एके काळी जिथे निराधारांना ठेवत अशा इमारतीत, जॉन बॉनमचे ड्रम्स जिन्याखालच्या प्रवेशदालनात मांडले आणि दोन मायक्रोफोन वर जिन्यातून खाली सोडले. ड्रम्सजवळ एकही नाही. आपल्याला ऐकू येतात ते ड्रम्स कमी आणि ते घर जास्त, त्याची उंची, त्याचा दगड, जिन्याची पोकळी. मग टेपचा वेग उतरवून सगळं आणखी जड केलं. आमच्या सैल पट्ट्याच्या यंत्रानं ते आणखी उतरवलं, तरी त्या गाण्याला काही झालं नाही. बहुधा एवढं एकच गाणं आमच्यापर्यंत धड पोहोचलं.

पण ते कशाबद्दल आहे? लेव्ही म्हणजे नदीकाठचा मातीचा बांध. १९२७ साली मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला, बांध फुटले, लाखो माणसं बेघर झाली, आणि त्यांत शेतावर राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबं फार मोठ्या संख्येनं होती. त्या पुरावर मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय या जोडप्यानं १९२९ मध्ये हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. दोन गिटार आणि एक आवाज. झेपेलिनचं गाणं त्यावरून आलं. आमच्या घरमालकीणबाई पानशेतचं धरण फुटून आलेल्या पुराच्या गोष्टी सांगायच्या, १९६१ च्या जुलैतल्या, नदीपात्राजवळच्या पेठांतलं पाणी कुठवर चढलं ते भिंतीवर हात ठेवून दाखवायच्या. वरच्या खोलीत आम्ही बांध फुटल्याचंच गाणं ऐकत होतो आणि ते आम्हाला माहीत नव्हतं.

मिनीचं मूळ ध्वनिमुद्रण मी साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर मला मागे मागे जावंच लागलं. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, विली डिक्सन हे ब्लूज गायक. आणि त्यांच्याही आधी रॉबर्ट जॉन्सन, ज्यानं १९३६ आणि ३७ मध्ये टेक्ससमध्ये फक्त एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित केली आणि पुढच्या वर्षी सत्ताविसाव्या वर्षी तो मेला. ज्याला आम्ही इंग्लंडच्या गोऱ्या पोरांचं संगीत समजत होतो, त्याची विहीर अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतांजवळ होती. ‘लेव्ही’वर निदान मेम्फिस मिनीचं नाव छापलं होतं. १९६९ च्या ‘होल लॉटा लव्ह’वर विली डिक्सनचं नाव नव्हतं. त्याला १९८५ मध्ये दावा लावावा लागला, कोर्टाबाहेर तडजोड झाली, नाव नंतर आलं. या पुस्तकात मी लेड झेपेलिनबद्दल अतोनात प्रेमानं लिहिलं आहे. त्याच प्रकरणात हा हिशेबही मांडला आहे, कारण तो मांडल्याशिवाय त्या प्रेमाला माझ्या लेखी अर्थ नाही.

काही अल्बम पुन्हा ऐकताना हातातून निसटले. अर्धा अर्धा तास चालणारे ड्रमचे एकल तुकडे, प्रत्यक्ष मैफलीत कदाचित थरारक असतील, घरी नुसते लांब आहेत. आयर्न बटरफ्लायचं सतरा मिनिटांचं गाणं आम्ही दिवे घालवून ऐकायचो, आज मला त्यातली चार मिनिटं पुरतात. रोलिंग स्टोन्सचं ‘ब्राउन शुगर’, १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’चं पहिलं गाणं, त्याचा ठेका आजही पाय हलवतो. पण शब्द कळल्यावर, गुलाम स्त्रियांबद्दल ते काय बोलतं हे समजल्यावर, मी ते पुन्हा लावलेलं नाही. स्टोन्सनीही २०२१ च्या दौऱ्यात ते गाळलं. तो अल्बम या पुस्तकात आहे, आणि हे सगळं त्या प्रकरणात लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट मला फार खुपली. आमच्या खोलीत शंभरेक कॅसेट असतील. त्यांत बाईचा अल्बम एकच, जेनिस जॉप्लिनचा ‘पर्ल’. जॉनी मिचेलचा ‘ब्लू’ १९७१ चा, पॅटी स्मिथचा ‘हॉर्सेस’ १९७५ चा. दोन्ही आमच्याकडे कधी आले नाहीत, कारण आमच्यापैकी कुणी ते मागितले नाहीत. ‘ब्लू’ मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी मुलगी लग्न होऊन गेली होती. एक गिटार किंवा एक पियानो, आणि स्वतःबद्दल एवढं उघडं बोलणारा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. विशीत तो ऐकला असता तर घरातल्या, आजूबाजूच्या बायकांचं बोलणं मी वेगळ्या कानानं ऐकलं असतं असं मला खरंच वाटतं. म्हणून पुस्तकाच्या नियमाला मी एक अपवाद केला आहे. बाकीचे सगळे अल्बम तरुणपणी ऐकलेले आहेत. ‘ब्लू’ आणि ‘हॉर्सेस’ ऐकायला हवे होते म्हणून आहेत.

रिमास्टर केलेल्या नव्या आवृत्त्यांबद्दल थोडक्यात. त्या नेहमी चांगल्या असतातच असं नाही. अनेकांत सगळे आवाज सारखेच मोठे करून ठेवले आहेत, हळू आणि जोरात यांतला फरकच पुसला आहे, आणि दहा मिनिटांत कान थकतात. पण जेथ्रो टलचा ‘ॲक्वालंग’ स्टीव्हन विल्सननं २०११ मध्ये नव्यानं मिक्स केला, तो घ्यावाच. १९७१ ची मूळ तबकडी कोंदट होती. लंडनमधल्या ज्या स्टुडिओत ती झाली तिथेच दुसऱ्या खोलीत झेपेलिनचं काम चालू होतं. नव्या मिक्समध्ये इअन अँडरसनच्या बासरीत फुंकरीचा आवाज येतो, आणि त्या फुंकरीसाठीच ती बासरी ऐकायची असते.

वयाचा प्रश्न उरतो. हे अल्बम करणारी माणसं किती लहान होती, हे तेव्हा कळत नव्हतं. आम्हाला ती थोरली वाटायची. ‘डार्क साइड’ आला तेव्हा त्याचे शब्द लिहिणारा रॉजर वॉटर्स एकोणतीस वर्षांचा होता. काळ निसटून जाण्याबद्दल त्यानं त्या वयात लिहिलं. माझी मुलगी आज त्याहून मोठी आहे. ‘टाइम’ या गाण्याआधी जी घड्याळं एकदम वाजतात, ती ॲलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकानं जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टिपली होती. सतराव्या वर्षी मी त्या घंटांना हसायचो, दचकणाऱ्या मित्राकडे बोट दाखवायचो. आता तो आवाज सुरू झाला की मी हातातलं काम खाली ठेवतो.

आणि सिड बॅरेट. पिंक फ्लॉइडचा पहिला नायक, मन बिघडल्यामुळे १९६८ मध्ये बँडबाहेर गेलेला. ५ जून १९७५ रोजी अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्याच्यावरच लिहिलेल्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’चं काम सुरू होतं. एक जाडजूड माणूस, डोक्यावरचे केस आणि भुवयाही काढलेला, आत येऊन बसला. बराच वेळ कुणालाच ओळख पटली नाही. तो सिड होता. ही गोष्ट मी तरुणपणी ऐकली होती आणि दंतकथा म्हणून इतरांना रंगवून सांगत होतो. नंतर माझ्या खोलीतला एक मित्र, ज्यानं मला हा सगळा संगीताचा रस्ता दाखवला, आजारपणातून उठून वीस वर्षांनी माझ्या दारात आला आणि मी त्याला “कोण पाहिजे?” असं विचारलं. त्यानंतर, ‘शाइन ऑन’ ज्यात आहे तो ‘विश यू वर हिअर’ हा अल्बम मला गोष्ट म्हणून सांगता आलेला नाही. त्या अल्बमवरचं प्रकरण पुस्तकात सर्वांत लहान आहे. ते वाढवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

पुस्तकात एकवीस अल्बम आहेत. निवड माझी आहे आणि ती अपुरी आहे. डीप पर्पलच्या ‘मशीन हेड’वर दोन प्रकरणं झाली, कारण स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रोच्या जळलेल्या कॅसिनोची आणि बंद हॉटेलच्या व्हरांड्यांतून झालेल्या ध्वनिमुद्रणाची हकिकत एकात मावेना. गाण्यांचे शब्द मी कुठेही छापलेले नाहीत. ते ऐकायचे आहेत. वाद्यांची आणि ध्वनिमुद्रणाची नावं मराठी वाचकाच्या तोंडी जशी आहेत तशीच ठेवली आहेत.

ज्यांच्या घरात अशा भरून घेतलेल्या कॅसेट अजून आहेत त्यांना माझं सांगणं आहे की त्या टाकू नका. त्यांवरचं अक्षर कोणाचं आहे, कुठल्या गावी, कुठल्या वर्षी भरून घेतल्या, एवढं एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. हे संगीत आपल्याकडे कुठल्या वाटांनी आलं याचा दुसरा पुरावा फारसा कुठे उरलेला नाही.

आणि वाचायला बसण्यापूर्वी एक विनंती. प्रत्येक प्रकरणाआधी तो अल्बम एकदा पूर्ण ऐका, कलावंतांनी लावलेल्या क्रमानं, मधलं गाणं न गाळता. फोनवर ऐकत असाल तरी चालेल. पहिली बाजू कुठल्या गाण्यावर संपते ते प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर छापलं आहे. तिथे थांबा. उठा, पाणी प्या, खिडकीशी जाऊन या, आणि मग दुसरी बाजू लावा.